बिनआकड्यांची कादंबरी

"ओ बेन! ऊभा रहो! ऊभा रहो!"

पाणीगेटच्या अलीकडे भर रस्त्यात एक माणूस दोन्ही हात पसरून आडवा आला. मोहनाने स्कूटरचे ब्रेक इतक्या जोरात दाबले, की मागच्या रिक्षावाल्याने तिच्या सात पिढ्यांची चौकशी केली. आता या माणसाची चांगली हजेरी घ्यायची, म्हणून तिने तोंड उघडलं... आणि तिला मांजा दिसला. बरोबर गळ्याच्या उंचीवर, या बाजूच्या खांबापासून त्या बाजूच्या बाल्कनीपर्यंत ताणलेला, उन्हात चमकणारा.

"आई गं..." ती पुटपुटली.

"मराठी का?" तो माणूस लगेच मराठीवर आला. "थांबा, हलू नका हं. मी दोरा वर धरतो, तुम्ही खालून या."

त्याने चवड्यांवर उभं राहून मांजा बोटांनी उचलला. मोहना मान खाली घालून स्कूटर ढकलत पलीकडे आली. दोरा सोडताना त्याने "स्स" केलं आणि बोट तोंडात घातलं.

"कापलं ना? दाखवा." तिने पर्समधून चिकटपट्टी काढली. उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यात प्रत्येकाच्या पर्समध्ये चिकटपट्टी असते. तिने त्याचं बोट हातात धरलं, पट्टी गुंडाळली, आणि गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ ते बोट आपल्या हातात राहिलं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

"गळ्याला मफलर नाही?" तो म्हणाला. "संक्रांतीच्या तोंडावर?"

"घाईत राहिला. एरवी मी फार शहाणी आहे."

"एवढी कसली घाई?"

"एका कादंबरीवर बोलायचंय."

"फाडायचीय की काय?"

मोहना हसली. "फाडायची असती तर एवढी धडधड झाली नसती हो. शिव्या देणं सोपं असतं. आज कौतुक करायचंय. प्रतापसिंह शितोळे म्हणून कोणी म्हातारबुवा आहेत, पहिलीच कादंबरी. सत्तरी तरी उलटली असणार."

"भेटलात त्यांना?"

"नावावरून कळतं. आजकाल पोराचं नाव प्रतापसिंह कोण ठेवतंय? मोठ्या पांढऱ्या मिशा असतील बघा. आणि बाइंडिंगचे धागे मोजत खुर्चीत बसून राहतील."

त्या माणसाने आपल्या गुळगुळीत ओठांवरून गंभीरपणे हात फिरवला. "भेटले तर माझा नमस्कार सांगा," तो म्हणाला, आणि गर्दीत मिसळून गेला.

मोहना स्कूटरवर बसली. दिसायला बरा होता. आवाज तर फारच बरा होता. पण पहिल्याच वाक्यात त्याने आपल्याला बेन, म्हणजे बहीणच करून टाकलं, याचं तिला थोडं वाईट वाटलं.

'दुसरं वाचन' हे बडोद्याच्या मराठी वाचकांचं मंडळ. वाचक म्हणजे निवृत्त प्राध्यापक, दोन वकील, कवितेत बुडालेल्या काही मुली, आणि नव्या लेखनात काहीच कळत नाही असं दरवेळी सांगून दरवेळी येणारी मंडळी. मंडळ चालवत जगदेवराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी पाण्याची शिस्त साहित्याला लावली होती. मंडळाची एक कडक रीत होती. ज्याच्या पुस्तकावर चर्चा, त्या लेखकाने भिंतीशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. खुलासा नाही, 'मला असं म्हणायचं होतं' नाही. "पुस्तक विकत घेतलं की लेखक पिशवीत येतो का बरोबर?" जगदेवराव विचारत. चहा झाल्यावर मात्र लेखकाला समीक्षकाला एक प्रश्न विचारता येई. एकच. मग पितळी घंटा वाजे आणि सभा संपे.

आजची समीक्षक होती मोहना. राहणार नागरवाड्यात, शिकवणार कॉलेजात, आणि लिहिणार असं की तिचं परीक्षण छापून आलं की लेखकांची जेवणावरची वासना उडे. खोटं कौतुक तिने कधी केलं नव्हतं, आणि हीच तिची खरी मिळकत आहे असं ती मानत असे.

ती आली, टिपणं लावली, मान वर केली. वेताच्या खुर्चीत पांढऱ्या मिशा नव्हत्या. पट्टी बांधलेलं एक बोट होतं. त्याने ते बोट उंचावून तिला नमस्कार केला.

मोहनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण ती डगमगणारी बाई नव्हती. "लेखकाचं वय मी चुकवलं," ती सरळ सभेला म्हणाली, "पण पुस्तक चुकवलेलं नाही. ते ऐका."

कादंबरीचं नाव 'वरात पुढे गेली'. बळवंतराव नावाचा क्लॅरिओनेट वाजवणारा. पोरवयात संस्थानच्या बँडमध्ये शिरलेला, संस्थान गेल्यावर लग्नांच्या वरातींत वाजवत वाजवत म्हातारा झालेला. त्याचे कान जातात. पण लेखकाने ते 'कान गेले' असं कुठेच लिहिलेलं नाही. एकेक आवाज जातो, तसा तो आवाज भाषेतूनच जातो. चिमणी गेली की पुढच्या भागात चिवचिव हा शब्द नाही. मग भांडी वाजत नाहीत, मग पाऊल वाजत नाही. प्रकरणांना नावं नाहीत, पानांना आकडेसुद्धा नाहीत.

"आणि शेवट!" मोहनाचा आवाज चढला. "सगळं निःशब्द होत गेल्यावर आपण समजतो, आता काळोख. आणि तिथे हा लेखक एकदम वरातीचं प्रकरण आणतो. ढोल, ताशा, क्लॅरिओनेट, घोड्याच्या टापा. एकही आवाज सुटलेला नाही. म्हाताऱ्याला सगळे आवाज परत मिळतात! आठवणीत म्हणा, मरणात म्हणा, पण मिळतात. अलीकडच्या मराठी कादंबरीत इतका धीट शेवट मी वाचलेला नाही."

सभेत चुळबुळ झाली. दोन-चार जणांनी हळूच आपापल्या प्रतीची शेवटची पानं उघडून पाहिली, एकमेकांकडे पाहिलं, आणि पुस्तकं मिटली. वेताच्या खुर्चीतला लेखक मात्र एकदम ताठ बसला. त्याने तोंड उघडलं. जगदेवरावांनी घंटेवर हात ठेवला. त्याने तोंड मिटलं.

चहा झाला. "लेखकाने आपला प्रश्न विचारावा," जगदेवराव म्हणाले.

प्रतापसिंह उठला. बराच वेळ तो मोहनाकडे बघत राहिला. त्या बघण्यात तिला राग सापडला नाही, गर्व सापडला नाही... काय होतं ते मात्र कळलं नाही.

"ते शेवटचं प्रकरण," तो म्हणाला, "मोठ्याने वाचून दाखवाल?"

मोहनाने वाचलं. असं की खिडकीबाहेरच्या, पतंग कापल्याच्या 'काप्यो छे'च्या आरोळ्यासुद्धा वरातीतल्याच वाटाव्यात. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटच्या ओळीला त्याच्या मिटलेल्या पापण्या ओल्या झालेल्या तिने पाहिल्या, आणि त्या क्षणी, कुणाला न सांगता, ती त्याच्या प्रेमात पडली.

पायऱ्या उतरताना तो मागून आला. "म्हातारबुवांना माझा नमस्कार सांगितलात का?"

"तुमच्याशी मला बोलायचं नाही. रस्त्यात उभं राहून माझी फजिती ऐकत होतात."

"मिशा वाढवू का?"

"काही नको." मग थांबून, "...आणि मला बेन म्हटलंत त्याचं काय?"

"ते वाहतुकीच्या नियमांतलं होतं. परत घेतो. सेवउसळ खाऊन परत घेतली तर चालेल?"

चाललं. तर्रीने दोघांच्या नाकाला पाणी आलं. प्रतापसिंह कानाचा डॉक्टर नव्हे, पण कान तपासणारा होता. कुणाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि कानाला मशीन बसवून द्यायचं, हे त्याचं काम. कादंबरीतले बळवंतराव म्हणजे त्याचे आजोबा, हेही त्याने सांगितलं. पुढे काहीतरी सांगायला तो थांबला... मग म्हणाला, "पाव आणखी घेणार?"

मग हे नेहमीचंच झालं. कधी कमाटीबागेतला बाक, कधी सूरसागर तलावाचा कठडा. ती त्याला म्हणायची, तुमची उपमा लंगडी आहे. तो म्हणायचा, लंगडीला हात द्या की मग. नव्या कवितेत अर्थ आधी की नाद आधी यावरून ते असे भांडत, की शेंगवाला थांबून दोघांना मोफत शेंगा देऊन निकाल विचारत असे. मोहनाचा लेख एका अनियतकालिकात आला आणि गाजला. पुण्या-मुंबईहून फोन आले. 'परतणारे आवाज' हे तिचे शब्द लोक वापरायला लागले. प्रतापसिंह मात्र त्या लेखाबद्दल बोलणं निघालं की हटकून विषय बदलायचा, आणि त्याला विनय समजून ती आणखीच विरघळायची.

एका रविवारी तो नागरवाड्यात चहाला आला आणि मोहनाच्या आईला, निरुपमाबाईंना, कादंबरीची प्रत देऊन गेला. त्याने दिलेली, म्हणून त्यांनी ती मन लावून वाचली. पोरगा हातचा जाऊ नये ही मनापासूनची इच्छा त्यात होतीच.

"अगं, काय सुंदर शेवट केलाय," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या. "किती शांत."

"शांत?" मोहना हसली. "आई, शेवटी ढोलताशे वाजतात."

"कुठले ढोलताशे? ते तर सुरुवातीलाच. शेवटी दोघं ओट्यावर बसलेली असतात की."

मोहनाने आईची प्रत ओढून घेतली. मग आपली आणली. दोन्ही शेजारी ठेवल्या. आईच्या प्रतीत वरात दुसऱ्या भागात होती. शेवटचा भाग शांत होता, आणि तोच भाग मोहनाच्या प्रतीत वरातीच्या जागी, दुसरा म्हणून शिवलेला होता. पानांना आकडे नाहीत, प्रकरणांना नावं नाहीत... सोळा-सोळा पानांचे, एकेका प्रकरणाचे छापील गठ्ठे लावताना बाइंडरकडून काही प्रतींत दोन गठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आणि मराठीतल्या एका नामांकित समीक्षकाने त्या चुकीवर धीट शेवट म्हणून लेख लिहिला होता.

सभेतली ती चुळबुळ तिला आठवली. तो ताठ बसलेला लेखक आठवला. त्याला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि तरी तो रोज समोर बसून शेंगा खात होता!

प्रतापसिंहाच्या दवाखान्यात माणसं बसलेली होती. मोहना तडक आत शिरली. "मला तुमच्याशी भांडायचंय."

त्याने तिच्या हातातल्या दोन प्रती पाहिल्या आणि त्याला सगळं समजलं. "बाहेर पेशंट आहेत," तो हळूच म्हणाला. "तुम्ही त्या काचेच्या खोलीत बसा. ऐकू येण्याची तपासणी तिथेच करतो आम्ही. आतला आवाज बाहेर जात नाही. हेडफोन लावा. मी इथून माइकवर हळू बोलेन, तुम्ही आतून हवं तेवढं ओरडा. मला इकडे ऐकू येतं."

हे इतकं हास्यास्पद होतं, की रागाच्या भरात ती खरंच आत जाऊन बसली. जाड दार लागलं. जगातले सगळे आवाज बंद झाले. काचेपलीकडे त्याचा पडलेला चेहरा आणि कानात त्याचा आवाज... तिला राग टिकवायला कष्ट पडले.

"चूक कोणाची?" तिने ओरडून विचारलं.

"माझी. पानांना आकडे नकोत हा माझा हट्ट. बाइंडर बिचारा विचारायला आला होता, साहेब, नंबर विना केम खबर पडे? मी म्हणालो, ज्याला कळायचं त्याला कळेल."

"आणि मला कळलं नाही."

"तुम्हाला भलतंच कळलं. आणि ते फार सुंदर होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"बोलायची बंदी होती."

"एक प्रश्न होता तुमच्याकडे!"

"होता. मोहना, आजोबांना परत काहीच ऐकू आलं नाही. शेवटची काही वर्षं घरात सगळे त्यांच्यासमोर बोलायचे, त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मीसुद्धा. म्हणून तर पुढे हे काम धरलं. त्या दिवशी तुम्ही त्यांच्यासाठी इतक्या आनंदाने बँड परत वाजवलात... मला वाटलं, असू दे. एकदा तरी ऐकू दे म्हाताऱ्याला."

मोहनाचा आवाज आपोआप खाली आला. "आणि नंतर? नंतर महिनाभर काय झालं होतं?"

"नंतर तुम्ही मला आवडायला लागलात. मग सांगणं आणखी अवघड झालं. आणखी एक सांगतो, आत्ताच चिडून घ्या. उन्मेष दुसरी आवृत्ती काढतोय."

उन्मेष म्हणजे प्रकाशक. वाडी भागात एका जिन्याखाली त्याचं ऑफिस होतं.

"तुमच्या क्रमाने काढतोय. शेवटी वरात. तुमचा लेख प्रस्तावना म्हणून. मी हो म्हणालोय. या आठवड्यात छपाईला जाईल."

मोहना उभीच राहिली. हेडफोनची वायर ताणली गेली. "तुम्हाला तो शेवट पटतो?"

त्याने माइकची वायर उगाच सरळ केली.

"प्रताप, पटतो?"

"तुम्हाला आवडतो ना..."

"म्हणजे मला आवडतो म्हणून तुम्ही आजोबांचा शेवट बदलणार?" आता ती खरोखरीची चिडली. आधीचा राग त्यापुढे काहीच नव्हता. "माझ्यापुढे पुस्तक ठेवायचं असतं, नैवेद्य नाही! तुम्ही खोटं बोललात ते मी एक वेळ सोडून देईन. पण माझ्यासाठी वाईट लेखक झालात तर तोंड बघणार नाही तुमचं. उन्मेषला सांगा, थांब म्हणून. मी आधी ही तुमच्या क्रमाने वाचणार. एखादे वेळी माझाच क्रम चांगला निघेल. तसं निघालं तर तसं सांगेन. पण मी वाचून सांगेन, तुम्ही प्रेमात पडून नाही."

काचेपलीकडे प्रतापसिंहाने माइकचं बटण बंद केलं, आणि तिच्या डोळ्यांत बघत काहीतरी म्हणाला. ओठ हलले. आत काही आलं नाही.

"काय म्हणालात?"

त्याने बटण चालू केलं. "काही नाही. पुढचा पेशंट घ्यायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत बसून तिने आईची प्रत हातात घेतली. तेवढ्यात उन्मेषचा फोन. "मोहनाबेन, कशाला खोलात शिरता? तुमचा लेख गाजतोय, त्याच्या जिवावर दुसरी आवृत्ती निघतेय. चूक होती हे आपल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक आहे?"

"आईला ठाऊक आहे," मोहनाने सांगितलं आणि फोन ठेवला. पण उन्मेष म्हणाला ते खोटं नव्हतं. तिचा आजवरचा सर्वांत गाजलेला लेख होता तो. आईची प्रत चांगली निघाली, तर लेखाचं पाणी पाणी होणार होतं. प्रत वाईट निघावी, असं तिच्या मनाच्या एका कोपऱ्याला फार वाटत होतं. त्या कोपऱ्याला तिने गप्प बस म्हणून दटावलं आणि वाचायला लागली.

वरात वाजली आणि पुढे निघून गेली. चिमण्या गेल्या. भांडी गेली. पावलं गेली. शेजारच्या गच्चीवर कुणी कपडे आपटत होतं, तेही तिला ऐकू येईनासं झालं. मग शेवटचा भाग. ओट्यावर बळवंतराव आणि त्याची बायको रखमाबाई. मोहनाने हे प्रकरण मागे दुसऱ्याच भागात वाचलं होतं आणि संथ आहे म्हणून भरभर उलटलं होतं. रखमा काहीतरी म्हणते. काय ते लिहिलेलं नाही, कारण त्याला ऐकू येत नाही. तो तिच्या ओठांकडे बघतो. आणि कादंबरीचं शेवटचं वाक्य येतं: बळवंताने मान हलवली.

इथे काळोख नव्हताच. सगळे आवाज गेल्यावर जे उरतं ते होतं. एक माणूस बोलतो आणि दुसऱ्याला ते ऐकू न येता समजतं. ही दुःखाची गोष्ट नव्हती, ही प्रेमाची गोष्ट होती, आणि तिने तिच्यावर ढोलताशे बडवले होते! ती हसली, मग रडली, आणि मग जगदेवरावांना फोन केला.

मार्चमधल्या सभेला खोली भरलेली होती. प्रतापसिंह वेताच्या खुर्चीत होता. मोहना उभी राहिली. टिपणं नव्हती.

"माझा लेख चुकला," ती म्हणाली. "माझ्या प्रतीत दोन भाग उलटे शिवले होते. तो दोष बाइंडिंगचा. पण त्यातल्या शांत प्रकरणावरून मी घाईने गेले, तो माझा. थांबले असते, तर तिथेच कळलं असतं की यापुढे काही असूच शकत नाही."

"मला वाटलंच होतं!" मागून एक वकीलबाई म्हणाल्या. "माझ्या प्रतीत वरात आधीच होती."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, ही समीक्षा असेल."

खोली हसली, मोहना सर्वांत मोठ्याने हसली. तिला कमीपणा वाटला नाही. उलट फार दिवसांनी पाय जमिनीवर नीट टेकल्यासारखं वाटलं. मग तिने शेवटचं प्रकरण वाचलं. या वेळी आवाज चढवला नाही. वाचता वाचता तो उतरत गेला, आणि शेवटच्या वाक्याला खोलीत पंख्याचासुद्धा कुणाला भास झाला नाही.

"दुसऱ्या आवृत्तीत माझा लेख घेऊ नये," ती उन्मेषकडे वळून म्हणाली. "आणि लेखकाचा क्रम बदलू नये. लेखक स्वतः सांगेल तरीही. सध्या त्याचं डोकं ठिकाणावर नाही."

उन्मेषने निमूटपणे मान डोलावली.

"मंडळाचं नाव 'दुसरं वाचन'," जगदेवराव चष्मा पुसत म्हणाले, "पण दुसरं वाचन करून कुणी आलंय, असं आजच घडलं. चहा घ्या."

चहा झाला. घंटेवर हात ठेवून जगदेवराव म्हणाले, "लेखकाने आपला प्रश्न विचारावा."

प्रतापसिंह उठला. खोलीच्या या टोकाला तो, त्या टोकाला मोहना, मध्ये सगळं मंडळ. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे ओठ हलले. आवाज निघाला नाही.

"मोठ्याने!" कुणीतरी ओरडलं.

"ऐकू नाही आलं!" दुसरं कुणी.

मोहनाला आलं होतं. हेच ओठ, हेच वाक्य, काचेमागून. त्या दिवशी तिला रागात वाचता आलं नव्हतं. आज एकेक अक्षर स्वच्छ दिसलं: माझ्याशी लग्न करशील? तिच्या छातीत वरातच निघाली, पण चेहरा तिने सरळ ठेवला. आणि मान हलवली.

प्रतापसिंह हसत खुर्चीत बसला. मागच्या रांगेत निरुपमाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना सगळं न ऐकता कळलं होतं.

"अहो, पण प्रश्न काय होता?" जगदेवराव वहीवर पेन टेकवून बसले होते. "मी इतिवृत्तात काय लिहू?"

"लिहा, प्रश्न विचारला आणि उत्तर मिळालं," मोहना म्हणाली, आणि पुढे होऊन तिनेच घंटा वाजवली.

खाली रस्त्यावर ऊन उतरलं होतं. संक्रांत होऊन गेली तरी तारांवर मांज्याचे तुकडे लोंबत होते. मोहनाने स्कूटर काढली. 'अहो' वरच्या मजल्यावर कुठेतरी राहून गेलं होतं.

"एक अट आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या आवृत्तीत पानांना आकडे घालायचे."

"घालतो."

"आणि त्या दिवशी काचेमागे हेच म्हणाला होतास ना? मग माइक का बंद केलास?"

प्रतापसिंहाने मांज्याच्या धास्तीने अजून गळ्यात ठेवलेला मफलर काढला आणि तिच्या गळ्याभोवती सावकाश गुंडाळला. कापलेल्या बोटावर आता पट्टी नव्हती, बारीकसा व्रण होता.

"तेव्हा तू माझा शेवट वाचला नव्हतास," तो म्हणाला.